बोरेगोचे हॉक आणि यवतमाळचं औषध

सॅन दिएगोहून ज्युलियनचा डोंगर ओलांडला की गाडी उतरत उतरत थेट वाळवंटात येते, ते अँझा-बोरेगो. कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, सहा लाख एकरांच्या वर, आणि त्याच्या पोटात बोरेगो स्प्रिंग्स नावाचं छोटं गाव. मार्चमध्ये इथे गर्दी होते ती रानफुलांसाठी, लोक फोटो काढतात, जेवतात आणि घरी जातात. फुलं बघाच, पण मान वर करून आकाशही बघा हो, कारण साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथून स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी जात असतात, अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांतून निघालेले, दहाएक हजार किलोमीटरच्या वाटेवरचे. या पक्ष्यांचा मुख्य लोंढा मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याने जातो, बोरेगोतून जाते ती एक छोटी धार, पण ती छोटी धारसुद्धा डोक्यावर आली की बोलणं बंद होतं.

बघायचं असेल तर सकाळी जायचं. रात्री हे हॉक गावाभोवतीच्या ताडांच्या वाड्यांमध्ये आणि वारा अडवायला लावलेल्या उंच झाडांवर मुक्काम करतात. पहाटे थंडी असते तेव्हा ते हलतच नाहीत, पिसं फुगवून बसून राहतात, मग ऊन चढलं, जमीन तापायला लागली की एकेक उठतो आणि गरम हवा जिथून वर चढते तिथे येऊन गोल फिरायला लागतो, एकाला बघून दुसरा येतो, मग दहा, मग पन्नास, पंख न हलवता सगळे वर वर जातात आणि पुरेशी उंची मिळाली की एकामागे एक वायव्येच्या डोंगराकडे तरंगत निघून जातात. ताकद जवळजवळ खर्चच नाही! लांब टोकदार पंख, छातीवर गडद पट्टा, पंखाखाली पुढचा भाग पांढरा आणि मागची पिसं काळपट, एकदा डोळ्यात बसलं की टर्की व्हल्चर या इथल्या गिधाडांमधून हे लगेच वेगळे ओळखू येतात. काही मात्र पूर्ण चॉकलेटी असतात, तिथे वेळ लागतो.

आता खाण्याचं. एवढा मोठा शिकारी पक्षी, पण पिल्लं वाढवायचा काळ सोडला तर तो मुख्यतः किड्यांवर जगतो. ज्या वर्षी हिवाळ्यात पाऊस बरा होतो त्या वर्षी वाळवंटात फुलं येतात, फुलांच्या झाडांवर स्फिंक्स मॉथ या पतंगाची अळी पडते, आणि मग हे हॉक एक-दोन दिवस थांबून चक्क जमिनीवर चालत अळ्या खातात. बाबा यवतमाळहून आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. गुलाबी व्हर्बिनाच्या गालिच्यात एक हॉक आमच्यापासून जेमतेम पंचवीस-तीस पावलांवर होता, दोन पावलं टाकायचा, मान वाकडी करून बघायचा, बोटाएवढी जाड हिरवी-काळी अळी उचलायचा आणि गिळायचा, परत दोन पावलं. बाबांनी दुर्बीण खाली ठेवून आधी अळीच बघितली, मागे शिंग असलेली, म्हणाले "हे त आपल्या तिळावर पडते तशीच हाय." आणि खरंच, तिळावरची ती मोठी अळी याच कुळातली. मग बराच वेळ त्या पक्ष्याकडे बघून म्हणाले, "हे पाखरू फुकटात अळ्या वेचून राह्यलं ना!"

त्यावर मी त्यांना अर्जेंटिनाची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते कारण मला ती प्रत्येकाला सांगाविशी वाटते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे हॉक हिवाळ्यात अर्जेंटिनात नेमके कुठे राहतात हे नीट माहीत नव्हतं. पक्षी-अभ्यासक ब्रायन वुडब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या काही हॉकना सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले आणि सिग्नलच्या मागे मागे ला पाम्पा प्रांतात पोचले, तर तिथे झाडांखाली मेलेल्या हॉकचा खच. शेतकरी लसूणघास आणि सूर्यफुलावरच्या नाकतोड्यांसाठी फवारणी करत होते, नाकतोडे खायला हॉकचे थवे शेतात उतरत होते, काही फवारणी चालू असतानाच अंगावर झेलत होते. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे २०,००० हॉक मेले असा अंदाज आहे. औषध कुठलं, तर मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक.

ते नाव आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यात हेही होतं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वर धरायचा म्हणजे सगळं तोंडावर. हॉकच्या बाबतीत तेच झालं होतं, विष अंगावर आणि पोटातही.

बाबांनी विचारलं, "मंग तिकडं बंद केलं का?" केलं. अर्जेंटिना सरकारने नाकतोड्यांसाठी त्याचा वापर थांबवला, कंपनीने माल मागे घेतला, गावोगाव शेतकऱ्यांशी बोलणी झाली, आणि पुढच्याच हंगामात मेलेल्या पक्ष्यांची संख्या अगदी थोड्यावर आली. एका वर्षात! मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की इतक्या देशांतून जाणारा पक्षी वाचवायला नेमकी एक जागा आणि एक बाटली शोधावी लागली, आणि ती सापडल्यावर लोकांनी हात आखडता घेतला नाही. २०१७ च्या आधी आपल्या माणसांसाठी हेच का झालं नाही, हा बाबांचा प्रश्न होता आणि माझाही आहे.

कुणी जाणार असाल तर मार्चचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला, सकाळी आठच्या आत गावाच्या उत्तरेला डी जॉर्जिओ रोडवर पोचा, हंगामात तिथे मोजणी करणारे स्वयंसेवक असतात, बरीच वर्षं चालू आहे हे काम, आणि ते आनंदाने स्कोपमधून दाखवतात. पाणी भरपूर ठेवा, दहानंतर ऊन लागतं. वाड्या खाजगी आहेत, आत शिरू नका, रस्त्यावरून मस्त दिसतं.