मे कसाबसा निघतो, भीती पहिल्या पावसाची

सगळे म्हणतात खान्देशात ढोरांचे खरे हाल मे महिन्यात, आणि ते खोटं नाही. पारा 44-45 ला टेकला की म्हशी तोंड उघडं टाकून धापा टाकतात, अंग काळं आणि घाम कमी, मग माय दुपारभर मोटर लावून पाईपने त्यांच्यावर पाणी मारत बसते, पत्र्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्यात तरी दूध घटतंच. पण मे ची तयारी असते हो. दादरचा, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचा, कडबा मार्चमध्येच खळ्यात रचलेला असतो, आप्पा दादर पेरतात तेच मुळी कडब्यासाठी, कारण आता चोपड्याकडे जिकडे तिकडे कपाशी नाहीतर केळी, विकतचा कडबा परवडत नाही.

मला धाक वाटतो जूनचा. कडबा तळाला गेलेला, ढोरं सुकं खाऊन विटलेली, आणि एका पावसात सगळीकडे हिरवं.

दोन वर्षांपूर्वी आमची चंद्री दावं सोडवून शेजारच्या वावरात शिरली. तिथली उन्हाळी ज्वारी कापून झालेली, विहीर आटल्यामुळे नंतर पाणी मिळालं नव्हतं, त्या खुंटांना वीतभर फुटवे आलेले. पाच-दहा मिनिटं चरली असेल. घरी आणेपर्यंत पाय लटपटायला लागले, तोंडाला फेस, श्वास घेता येईना आणि धाडकन आडवी झाली. आप्पांनी पापणी उलटून पाहिली तर आत लालभडक. याला किराळ लागणं म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या, पाण्यावाचून खुंटलेल्या फुटव्यात असं काही असतं की पोटात गेल्यावर त्याचं सायनाइडसारखं विष होतं, हाताशी वेळच राहत नाही. ज्वारी फुलोऱ्यात आली की ते कमी होतं, म्हणून तोपर्यंत हिरवी ज्वारी ढोरांपुढे टाकूच नका, कृपा करून.

नशीब, ढोरांचे डॉक्टर शेजारच्या गावातच होते. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं, तोपर्यंत माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, लुगडं फेसाने भिजलेलं, आणि सारखी कानाशी बोलत होती, ऊठ गं माय, ऊठ. तासाभराने चंद्रीने मान उचलली तेव्हा आप्पा गोठ्याच्या मागे जाऊन रडले, मी पाहिलं.

यंदा पहिला पाऊस रात्री आला. आप्पा बॅटरी घेऊन भिजत खळ्यात गेले, एकेक दावं ओढून पाहिलं आणि चंद्रीच्या दाव्याला दुसरी गाठ मारून आले.