आमच्या लेकीचा वाढदिवस तुमच्या बालगृहात करू का? तुम्ही विचारलंत म्हणून

नैरोबीतली मराठी मंडळी असोत की पुण्याहून फोन करणारे नातेवाईक, हा प्रश्न मला हमखास येतो. "ताई, तुम्ही त्या मिशनच्या बालगृहात जाता ना? आमच्या लेकीचा वाढदिवस यंदा तिथल्या मुलांबरोबर करावा म्हणतोय. केक आम्ही आणू, जेवण आमच्याकडून. चालेल ना?" विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. आपल्या घरच्या आनंदाच्या दिवशी दुसऱ्याच्या पानातही गोड पडावं, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे आणि तिचा मला आदर आहे. तरी माझं उत्तर ‘नको’ असंच असतं. फोनवर ते दोन वाक्यांत सांगितलं की तुटक वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हे बालगृह थिका शहराच्या पुढे, अननसाचे मळे ओलांडल्यावर लागणाऱ्या एका गावात आहे. चर्च ते चालवतं. आवारातच शाळा आहे आणि तिथे गावातली मुलंही शिकायला येतात. मी शनिवारी गणित शिकवते आणि सणासुदीला स्वयंपाकघरात हात लावते.

तुमच्या मनातला तो वाढदिवस आता तिथल्या सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. दुपारी गाडी येते. फुगे बांधले जातात. खुर्चीवर नव्या फ्रॉकमधली एक अनोळखी मुलगी उभी राहते, एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला बाबा. आपण टाळ्या वाजवायच्या, गाणं म्हणायचं, केकचा तुकडा घ्यायचा, फोटोत हसायचं. मग गाडी निघून जाते. केक त्याने खाल्ला हे खरंच, पण तासभर त्याचे डोळे त्या आईबापांवर होते. पुढच्या शनिवारी दुसरी गाडी येते. अशा शनिवारांमधून मुलं एक गोष्ट फार लवकर शिकतात: पाहुणे आले की त्यांना आवडेल असं वागायचं. कुणीही आलं तरी धावत जाऊन बिलगणारं मूल पाहुण्यांना फार प्रेमळ वाटतं. मला त्या मुलाची काळजी वाटते.

फोटोंचं तर बोलायलाच नको. केनियात २०१९ पासून डेटा संरक्षण कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत तो कडक आहे. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. मोठेपणी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाचा ‘अनाथ मुलांसोबत आमच्या परीचा बर्थडे’ असा फोटो कुणाच्या तरी फेसबुकच्या भिंतीवर पडून असावा, हे बरं नाही.

मग तिथे वाढदिवस होतच नाहीत का? होतात, आणि झोकात होतात. केक महिन्याचा असतो, दिवस मात्र ज्याचा त्याचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातली सगळी मुलं ओळीने उभी राहतात आणि प्रत्येकजण या वर्षात काय नवं जमलं ते सांगतो. "मला सायकल येते." "मी रात्री संडासला एकटी जाते." हे सांगणाऱ्या पोरीच्या आवाजातली ऐट काय वर्णावी! खऱ्या वाढदिवसाला त्या मुलाला भांडी माफ, आणि संध्याकाळी पाण्याचा मग. केनियातल्या शाळांमधून ही पद्धत सगळीकडे आहे: ज्याचा वाढदिवस त्याच्यावर मित्र पाणी ओततात. बादल्याच्या बादल्या ओततात. इथे टाकीचं पाणी जपून वापरावं लागतं म्हणून एकच मग. त्या एका मगासाठी उत्सवमूर्ती मैदानभर पळते आणि सगळी पलटण मागे. न भिजता सुटलेलं मूल दुसऱ्या दिवशी खट्टू असतं.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: ज्यांची जन्मतारीखच माहीत नाही त्यांचं काय? अशी मुलं आहेत. डॉक्टर दात आणि हाडं पाहून वयाचा अंदाज देतात, त्यावरून वर्ष ठरतं. तारीख उरतेच. काही ठिकाणी सरसकट १ जानेवारी लिहून मोकळे होतात. उत्तर केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीतून २०००-२००१ च्या सुमारास अमेरिकेत गेलेल्या सुदानी मुलांच्या कागदांवर अशीच रांगेने १ जानेवारी पडली. इथे तसं करत नाहीत. कधी नावच धागा देतं. इथल्या लुह्या समाजात पावसाळ्यात जन्मलेल्या मुलीला नाफुला म्हणतात, लुओ समाजात सकाळी जन्मली तर अकिन्यी. नाव नाफुला असेल तर निदान उन्हाळ्यातली तारीख तरी घालत नाहीत. मूल जाणतं असेल तर कागद पुढे जाण्याआधी त्यालाच विचारतात. एका मुलाने १२ डिसेंबर मागून घेतली. तो केनियाचा जाम्हुरी दिवस. १९६३ साली याच तारखेला देश स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी याच तारखेला प्रजासत्ताक. सगळीकडे झेंडे, सगळ्यांना सुट्टी! त्याने विचार करून निवडलेली तारीख आहे ती.

माझं माहेर अहमदनगरचं, घर ख्रिस्ती. माझी पणजी १९००च्या दुष्काळात मिशनच्या शाळेत आली. तिचा जन्म कधीचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बाप्तिस्म्याची तारीख हाच तिचा वाढदिवस झाला आणि पुढे नातवंडांनी तो थाटात केला. त्यामुळे कागदावरची तारीख खरी की खोटी, हा प्रश्न मला कधी मोठा वाटला नाही. त्या तारखेला आपली आठवण ठेवणारं कुणी आहे की नाही, हा प्रश्न मोठा वाटतो.

काही बालगृहांत मूल दाखल झाल्याचा दिवसही साजरा करतात. मला ते पटत नाही. आपल्या दृष्टीने तो मूल सुरक्षित झाल्याचा दिवस, पण मुलाच्या दृष्टीने त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? कुणाची आई गेली होती, कुणाला चौकीतून आणलं होतं. मुलाने स्वतः आठवण काढली तर बसून ऐकावं. फुगे नकोत.

शाळेचे टप्पे वेगळे. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या आसपास संपतं. बालवाडी संपवून पहिलीत जाणारी चिमुरडी झगा आणि टोपी घालून ‘पदवीधर’ होतात. झगे पायात येतात, टोप्या नाकावर येतात, आणि गावातले पालक नटूनथटून येतात. त्यानंतरचा मोठा टप्पा परीक्षेचा. पूर्वी आठवीच्या परीक्षेवर सगळं अवलंबून असे. २०२३ साली ती शेवटची झाली. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली, आता सहावीला एक आणि नववीला एक परीक्षा असते. परीक्षेआधी प्रार्थनादिन करायची इथे जुनी रीत आहे. पाळक येतात, परीक्षार्थी आपली पेनं, पेन्सिली, पट्ट्या हातात धरून उभे राहतात आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. २०१५ साली पेपरफुटी गाजली, तेव्हा २०१६ मध्ये त्या वेळचे शिक्षणमंत्री फ्रेड मतियांगी यांनी तिसऱ्या, म्हणजे परीक्षेच्या सत्रात हे कार्यक्रम आणि पालकांच्या भेटी बंद केल्या. म्हणून आमच्याकडे प्रार्थनादिन दुसऱ्या सत्रातच उरकतात.

परीक्षार्थींना शुभेच्छापत्रं द्यायचीही पद्धत आहे. त्यांना ‘सक्सेस कार्ड’ म्हणतात, दुकानांत ढिगांनी मिळतात. काका, मावशी, शेजारी, चर्चमधली माणसं, सगळे देतात. गावातल्या मुलांकडे गठ्ठा जमतो आणि ती वर्गात मोजत बसतात. बालगृहातल्या मुलांसाठी म्हणून स्वयंपाकीण, नर्स, पाळक, सगळे लिहायला बसतात. रात्रपाळीच्या राखणदाराने एका मुलीला लिहिलेलं कार्ड मी पाहिलंय. बॉलपेन दाबून दाबून लिहिलेली मोठाली अक्षरं, स्वाहिलीत तीनच ओळी: तू पहाटे दिवा लावून अभ्यास करतेस ते मी रोज बघतो. घाबरू नकोस. देव तुझ्याबरोबर आहे. बाकीची कार्डं छापील मजकुराची होती. तिने हे वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवलं.

नाताळाबद्दल मात्र थोडं पाल्हाळ लावणार आहे, कारण केनियात नाताळ म्हणजे चपाती. हो, आपली चपाती! १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते किसुमू रेल्वे बांधायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून आले. त्यांच्याबरोबर आणि मागून आलेल्या दुकानदारांबरोबर ती इथे आली आणि रोजच्या जेवणातली न राहता सणाची झाली. बालगृहात एरवी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी, नाहीतर मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी. चपाती दिसली की काहीतरी विशेष आहे हे लहानग्यांनाही कळतं.

२४ डिसेंबरला उजाडायच्या आत पीठ मळायला घेतात. मैदा, मीठ, चिमूट साखर, तेल, कोमट पाणी. पोळी लाटायची, तेल लावायचं, गुंडाळी करून तिची चक्री वळायची, ओल्या फडक्याखाली ठेवायची, मग पुन्हा लाटायची, म्हणजे पदर सुटतात. कोळशाच्या तीन शेगड्या पेटलेल्या असतात. मोठी मुलं-मुली लाटतात, स्वयंपाकीण भाजते, आणि दर पाच मिनिटांनी एखादं पिटुकलं काहीतरी निमित्त काढून दारात येऊन थप्पी किती वाढली ते बघून जातं. माझ्या पातळ पोळ्या आजाऱ्याच्या म्हणून बाजूला निघतात. इथे चपाती जाड, मऊ आणि तेलाने चमकणारी लागते. रात्री उपासना, दुसऱ्या दिवशी बकऱ्याचा रस्सा, आणि प्रत्येकाला पोटभर चपाती. करंज्या मी नगरच्या पद्धतीने करून नेते. त्यांचं कौतुक होतं, पण चपातीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

आणि तरीही नाताळात बालगृह जितकं रिकामं, तितकं ते चांगलं चाललंय असं मी आता मानते. डिसेंबरात सगळा केनिया गावी जातो. बालगृहातल्या अनेक मुलांचं कुणी ना कुणी असतं: आजी, मावशी, कधी आईसुद्धा, फक्त सांभाळायची ऐपत नसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये नवा बालक कायदा आला आणि त्याच वर्षी दहा वर्षांचा आराखडा, की मुलं संस्थांतून हळूहळू कुटुंबांत परत जावीत. आमचे पाळक आणि समाजसेविका नातेवाईक शोधत गावोगाव फिरतात. आधी सुट्टीपुरतं जाणं, मग लांब सुट्टी, मग कायमचं. कायमचं जायचं ठरलं की निरोपाचं जेवण होतं. गेल्या वर्षी दोघी बहिणी आजीकडे गेल्या. एकीच्या हातात गादी, दुसरीच्या हातात शाळेचा पत्र्याचा पेटारा, आणि आजी गाडीत बसेपर्यंत परत परत विचारत होती की यांच्या फीचं नक्की ना. फीचं नक्की होतं. बालगृहाच्या सगळ्या सोहळ्यांत हा सोहळा मला सर्वांत मोठा वाटतो, त्याला फुगे नसतात आणि पाहुणेही नसतात.

जी मुलं तिथेच अठराची होतात, त्यांचा दिवस ओळखपत्राचा. त्यासाठी आईवडिलांची कागदपत्रं लागतात. ज्यांच्याकडे ती नाहीत त्यांना न्यायालयाचा हुकूम, जन्मदाखला, स्थानिक चीफचं पत्र असे कागद घेऊन खेटे घालावे लागतात. पण ओळखपत्राशिवाय स्वतःच्या नावाने एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय) नाही, बँकेत खातं नाही, कॉलेजचं सरकारी कर्ज नाही. ते कार्ड हातात आलं की त्या रात्री आधी प्रार्थना होते आणि मग सोडा फुटतो. पहिली एम-पेसा पाठवायचा मान अर्थात स्वयंपाकिणीला.

तेव्हा लेकीचा वाढदिवस घरीच करा, तिच्या मित्रमैत्रिणींना बोलवून. बालगृहासाठी काही करावंसं वाटतंय ना? मग घरी परतलेल्या एखाद्या मुलाच्या वर्षाच्या फीचा भार उचला. पैसे शाळेत थेट जमा होतात आणि मुलाला देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. शाळेच्या क्रीडादिनाला गावातले पालक येतात, त्यांच्यात येऊन बसा, लेकीलाही आणा, तिला रिले शर्यतीत पळू द्या. सहावी-नववीच्या मुलांना कार्ड लिहायचं असेल तर मला कळवा. छापील मजकुरावर सही करून चालणार नाही, चार ओळी हाताने लिहाव्या लागतील. आणि मैदा द्यायचा असेल तर नोव्हेंबरातच पोचवा, नाताळ जवळ आला की त्याचा भाव चढतो.