डोळा शाबूत, तरी दिसेना

इंदूरच्या लोकमान्य नगरात, आमच्या गल्लीतल्या भुऱ्या कुत्र्याला लोडिंग रिक्षाने उडवलं. हाडं वाचली, पण डोक्याला उजवीकडून मार बसला. उठून चालायला लागला तेव्हा डावीकडच्या प्रत्येक गोष्टीवर आपटायचा. डाव्या बाजूला टाकलेली पोळी तशीच पडून राहायची.

सासूबाई म्हणाल्या, "गेला गं डोळा." डॉक्टरांनी टॉर्च मारला, तर दोन्ही बाहुल्या झटकन लहान झाल्या! मग त्यांनी डोळ्यापुढे अचानक हात आणला. उजवा डोळा मिटला, डावा उघडाच. हात जपून आणायचा, नाहीतर वाऱ्याची झुळूक मिशांनाच कळते. कापसाचा बोळाही खाली टाकून पाहिला, कारण तो आवाज करत नाही. उजेडाने बाहुली लहान होते ते मेंदूच्या मधल्या भागातून. समोरचं दिसणं मात्र मेंदूच्या मागच्या बाजूच्या सालीवर, म्हणजे बाहेरच्या थरावर अवलंबून. कुत्र्यांत डोळ्याकडून येणारे सुमारे ७५ टक्के तंतू विरुद्ध बाजूला जातात, म्हणून मार उजवीकडे आणि अंधार डावीकडे.

सूज उतरायला मॅनिटॉल दिलं. घरी डोकं थोडं उंच ठेवायचं आणि गळ्यात पट्टा अजिबात नाही. शिरा दाबल्या की मेंदूवरचा दाब वाढतो.

पुढचं काम चिकाटीचं. सामान हलवायचं नाही, डावीकडून जाताना आधी हाक मारायची. हलणारं आधी दिसू लागलं: खार पळाली की मान वळायची, पण समोरच्या स्टुलावर आपटायचाच.

त्या काळात मी बरंच वाचलं. १९६६ मध्ये स्प्रेग या संशोधकांनी मांजरांवर केलेला प्रयोग तर चक्रावून टाकणारा. एका बाजूची दृष्टीची साल काढल्याने गेलेली नजर, विरुद्ध बाजूच्या मध्यमेंदूचा एक भाग काढल्यावर काही अंशी परतली. म्हणजे उरलेला मेंदू दाबून ठेवला गेला होता. केंब्रिजला हेलन नावाच्या माकडिणीची दृष्टीची साल जवळजवळ सगळी काढली होती. तिथले संशोधक हम्फ्री तिला रानात फिरवत. काही वर्षांनी ती अडथळे चुकवून चालू लागली. हे वाचताना पोटात ढवळतं, पण फिरवण्याचं मी उचललं. छातीपट्टा घालून भुऱ्याला रोज नव्या रस्त्याने नेलं.

त्याची फक्त सूज उतरली की मेंदूने दुसरी वाट काढली, ते कसं सांगणार? आता डावीकडून येणारी ॲक्टिवा तो चुकवतो. उभ्या गाडीला अजून धडकतो, म्हणून संध्याकाळनंतर फाटक बंद.