हे-ऑन-वाय: तंबूंइतकाच वेळ गावालाही द्या

बडोद्याहून निघण्याआधीच आम्ही दोघी बहिणींनी हे-ऑन-वायच्या साहित्य महोत्सवातल्या, तीन दिवसांतल्या अकरा कार्यक्रमांची तिकिटं काढून ठेवली होती. जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की एवढी काढू नका. दिवसाला दोन पुरेत.

हे-ऑन-वाय म्हणजे वेल्सचं अगदी इंग्लंडच्या सीमेला टेकलेलं, वाय नदीकाठचं छोटंसं गाव. १९८८पासून इथं दरवर्षी मेअखेरीस साहित्य महोत्सव भरतो. पण पुस्तकांनी हे गाव त्याच्याही आधी भरलं. रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात इथं जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रंथालयांची पुस्तकं जहाजानं आणवली आणि १ एप्रिल १९७७ला स्वतःला 'हे'चा राजा जाहीर केलं. आपलं भिलार २०१७मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं, ते याच गावाकडे बघून.

गावाला रेल्वे नाही. लंडनहून रेल्वेनं साधारण तीन तासांत हेरफर्ड, तिथून बसनं तासभर. महोत्सवाच्या दिवसांत स्टेशनवरून खास बसही असते, वेळा आधी बघून ठेवा. गावातल्या खोल्या फार लवकर भरतात. आम्ही हेरफर्डलाच मुक्काम केला, त्यामुळे शेवटच्या बसच्या धास्तीनं संध्याकाळचे दोन कार्यक्रम अर्धे सोडावे लागले. व्हिसाचा अर्ज तीन महिने आधी करता येतो, तो लगेच करून टाका.

महोत्सव गावाबाहेरच्या कुरणात, मोठमोठ्या तंबूंत भरतो. आवारात प्रवेश फुकट, तिकीट फक्त कार्यक्रमाचं. मे महिना म्हणून सुती कपडे नेऊ नका. पाऊस, चिखल आणि बोचरा वारा, तिन्ही भेटले. पाणी आत न येणारे बूट हवेतच. ताईनं बांधून घेतलेले थेपले आणि लीलो चेवडो दोन्ही दिवस दुपारी कामी आले.

तिसऱ्या दिवशी ताईला थंडी बाधली. उरलेले कार्यक्रम सोडून आम्ही गावातच फिरलो, आणि तोच दिवस सगळ्यात भरघोस ठरला. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची कपाटं आहेत. दुकानदार नाही. पुस्तक उचलायचं, पैसे पेटीत टाकायचे. सुटी नाणी जवळ ठेवा. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. सयाजीराव महाराजांनी गावोगाव पाठवलेल्या फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्यांच्या गोष्टी आमचे आजोबा सांगायचे. बडोद्यात मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या जमिनीवरून जीव मुठीत धरून चालत मी लहानपणी पुस्तकं शोधली आहेत. वाचणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारी माणसं दोन्हीकडे होती, हे बघून डोळे भरून आले.

पुढच्या एका दुकानात पक्ष्यांवरचं पुस्तक मिळालं. आत कुठल्याशा ग्रंथालयाचा पुसट शिक्का, त्यावर 'रद्द' अशा अर्थाचा दुसरा. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईला तो दुसरा शिक्का बघवत नाही. मी ते घेतलं.

जाताना बॅग अर्धी रिकामी न्या. आमची परतीच्या विमानात वजनाला जास्त भरली, तेव्हा ताईनं आपला कोट काढून अंगावर चढवला आणि पक्ष्यांचं पुस्तक त्याच्या खिशात घातलं.