काचा नसलेला चष्मा

माझ्या गाण्याचं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात, झालं त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं, ‘झालं एकदाचं.’ दुसऱ्या दिवशी अपलोड करायला बसले तर फॉर्ममध्ये एक रिकामी चौकट: कव्हर आर्ट, म्हणजे गाण्यासोबत दिसणारं चित्र, चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. ढोलकी ठेवायची की ड्रम यावर आम्ही आठ महिने भांडलो होतो. या चौकटीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

पहिलं कव्हर दोन दिवसांत उरकलं. लग्नाचे फोटो काढणारा एक ओळखीचा होता. त्याने आल्या आल्या चष्मा काढायला लावला, ‘काचेत लाइट मारतोय.’ केस मोकळे, मागे सूर्यास्त. संगणकावर चेहरा इतका घासूनपुसून काढला की हनुवटीवरचा कांजिण्यांचा व्रणसुद्धा गेला. वर गाण्याचं नाव, माझं नाव, इन्स्टाग्रामचा पत्ता आणि ‘कार्यक्रमांसाठी संपर्क’ म्हणून मोबाइल नंबर. चौकातल्या फ्लेक्सवर असतो तसा सगळा ऐवज. गाणं अ‍ॅपवर पोचवणाऱ्या वितरकाने चौथ्या दिवशी ते परत पाठवलं: कव्हरवर पत्ते आणि नंबर चालत नाहीत.

मग मी कॉलेजातल्या एका मित्राकडे गेले. तो पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. त्याने ते कव्हर माझ्याच फोनवर उघडलं, अंगठ्याच्या नखाएवढं केलं, फोन जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, ‘आता उभी राहून बघ. काय दिसतंय?’ तपकिरी डाग. मग त्याने माझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो तसाच बारीक करून ठेवला. त्यात दोन काळे गोल स्पष्ट दिसत होते. माझा चष्मा! साडेपाच नंबर, जाड काळी फ्रेम, सातवीपासून थोड्याफार फरकाने हीच. ‘एलपीचं, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीचं, कव्हर बारा इंचांचं असायचं,’ तो म्हणाला, ‘त्यावर सूर्यास्त परवडायचा. तुला एवढुशी जागा आहे, त्यात एकच गोष्ट मावेल.’

मला ते पटलं नाही. चष्मेवाली पॉप गायिका कोणाला हवी आहे? त्याने दोन उदाहरणं तोंडावर फेकली. ग्रीक गायिका नाना मुस्कूरी १९६३ साली युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मंचावर काळ्या फ्रेमचा चष्मा लावून गायली, आणि पुढे तोच तिची ओळख झाला. दुसरं तर आपल्याच मुंबईत वाढलेल्या उषा उथुप यांचं. १९६९ मध्ये चेन्नईच्या नाइट क्लबमध्ये त्या साडी नेसून गायला उभ्या राहिल्या. तिथे साडी म्हणजे अगदीच अनपेक्षित. नंतर कांजीवरम, गजरा, मोठ्या टिकलीतलं बंगाली ‘क’, कांजीवरमच्या कापडाचे बूट. आज त्यांचं नुसतं रेखाचित्र काढलं तरी आवाज ऐकू येतो. घरच्या कपाटातलीच वस्तू, पण ती सोडली नाही, हे महत्त्वाचं.

म्हणजे ‘आहेस तशी ये’ असं मला वाटलं. तसं काही नसतं, हे फोटोच्या दिवशी कळलं.

माझ्या नंबरच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते आणि डोळे मण्यांएवढे होतात. वर लाइट चमकतो. चष्म्याच्या दांड्या कानांवर थोड्या उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक जाते. त्यासाठी कानांमागे कापसाचे बोळे ठेवून पाहिले, तर मी सारखी कशाचा तरी वास घेतेय असं वाटायला लागलं. शेवटी मित्र कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातून तशीच फ्रेम बिनकाचेची घेऊन आला, सहाशे रुपयांत. कॅमेऱ्यात मी एकदम ‘माझ्यासारखी’ दिसायला लागले. मला मात्र काही दिसत नव्हतं.

त्या रात्री त्याने ग्रेस जोन्स या गायिकेच्या ‘आयलंड लाइफ’ या १९८५ च्या संकलनाचं कव्हर पाठवलं. एक पाय मागे उंच, हातात माइक, अंग तेलाने चकाकतंय. घरी आरशासमोर तशी उभी राहायला गेले आणि पलंगाचा कोपरा गुडघ्यात घुसला. नंतर वाचलं, की झाँ-पोल गूद या फ्रेंच चित्रकार-छायाचित्रकाराने ते चित्र १९७८ मध्ये वेगवेगळे फोटो कापून, जोडून, वर रंगवून केलं होतं. तशी पोज माणसाला घेताच येत नाही. माझ्या सहाशे रुपयांच्या फ्रेमबद्दलची टोचणी तेव्हा जरा कमी झाली.

कव्हर असं झालं: जांभळी पार्श्वभूमी, चेहरा, चष्मा, खाली नाव. जांभळा हा एकच रंग सगळीकडे न्यायचा ठरलं. व्हिडिओतला कुर्ता, प्रोफाइलचा फोटो, गाणं चालू असताना फोनवर फिरणारी आठ सेकंदांची मुकी उभी चित्रफीत, सगळं जांभळं. ती चित्रफीत म्हणजे मी नुसती फ्रेम नाकावर सरकवते, बस्स.

व्हिडिओ सोमवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात केला. एका शॉटमध्ये मी लाकडी जिना उतरत गाते आणि सगळं संथ चालतं, ओठ मात्र गाण्याशी जुळलेले. ते करायचं तर कॅमेऱ्याने सेकंदाला दुप्पट चित्रं टिपतात आणि गाणंही दुप्पट वेगाने लावतात; नंतर चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. माझा आवाज स्पीकरमधून चिमणीसारखा चिवचिवत होता आणि मी त्या वेगाने तोंड हलवत, डोळ्यांना काही दिसत नसताना, शंभर वर्षांच्या जिन्याच्या पायऱ्या चाचपत खाली येत होते. चौकात धुणं वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, ‘अगं, हळू गा की जरा!’ सात टेक झाले. पडद्यावर मी अगदी आरामात, स्वतःच्याच तंद्रीत उतरते. बघणारे म्हणतात, किती सहज वावरतेस. पायाच्या बोटांनी लाकडाची कड पकडलेली कुर्त्याखाली झाकली गेली, हे नशीब.

गाणं बरं चाललं, फार नाही. मग एका छोट्या कार्यक्रमाला बोलावणं आलं. तिथे तबलजीची खूण दिसायला हवी, म्हणून खरा चष्मा लावून गेले. समोरून दोन हॅलोजन होते. दुसऱ्या दिवशी फोटो आले, तर एकूणएक फोटोत माझ्या डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या. मी ते डिलीट करायला निघाले होते. मित्र म्हणाला, ‘थांब, हात लावू नकोस.’ पुढच्या गाण्याच्या कव्हरवर चेहरा नाहीच. जांभळ्यावर त्या दोन पांढऱ्या चकत्या, आणि खाली नाव.