कार्ड जागेवर होतं, नाव बदललं होतं

"डिव्हाइस एथ० डझ नॉट सीम टू बी प्रेझेंट, डिलेइंग इनिशियलायझेशन." साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा ऑपरेटर फोनवर हे वाक्य मला तुकड्यातुकड्यानं वाचून दाखवत होता आणि मागे ट्रॅक्टरांचे हॉर्न वाजत होते. एथ० म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या नेटवर्क पोर्टचं नाव, आणि ते सापडत नाही असं सर्व्हर सांगत होता. आदल्या रात्री सर्व्हरचा मदरबोर्ड बदलला होता. बदलणारा इंजिनिअर "नव्या बोर्डाचं नेटवर्कच खराब आलंय, वेगळं कार्ड मागवतो" असं सांगून पहाटे निघून गेला. केबल खोचली आहे तिथला हिरवा दिवा लागलाय का, एवढंच मी ऑपरेटरला विचारलं. लागला होता. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं.

ज्यांनी गळीत हंगामात कारखाना पाहिलेला नाही त्यांना काटा बंद पडणं म्हणजे काय ते कळणार नाही. उसाचं प्रत्येक वाहन दोनदा काट्यावर येतं, एकदा भरलेलं आणि गव्हाणीत ऊस टाकल्यावर एकदा रिकामं. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचे पैसे. सर्व्हर बंद असला की हातानं पावत्या लिहिता येतात, पण काटामारीच्या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की हातानं लिहिलेल्या आकड्यावर शेतकरी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. शिवाय तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. त्या दिवशी रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती.

सर्व्हरवर सेंटओएस ६ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. या आवृत्तीचे अपडेट नोव्हेंबर २०२० मध्येच थांबले, पण काट्याचं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं आणि ते बदलायला पैसे कुणी मंजूर करत नाही. कारखान्यात पोचल्यावर कीबोर्ड समोर ओढून नेटवर्क पोर्टांची यादी दाखवणारी 'आयपी लिंक' ही कमांड दिली तर एथ० नाही, एथ१ नाही. एथ२ आणि एथ३ मात्र होते. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) संदेशांत, ओळही सापडली: उपकरणांची नावं सांभाळणाऱ्या यूडेव्हनं एथ० चं नाव बदलून एथ२ केलं.

हे का होतं ते सांगायलाच हवं, कारण यात यंत्रणेचा दोष कमी आणि शहाणपण जास्त आहे. कर्नलला ज्या क्रमानं कार्डं सापडतील त्या क्रमानं तो एथ०, एथ१ अशी नावं देतो, आणि तो क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची खात्री नसते. दोन पोर्टांचा सर्व्हर असेल तर आज आतलं नेटवर्क बाहेरच्या पोर्टवर जाऊन बसेल. म्हणून यूडेव्ह पहिल्याच वेळी प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) आणि त्याचं नाव यांची जोडी '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' या फायलीत लिहून ठेवतो. मदरबोर्ड बदलला, पोर्ट बोर्डावरचेच, त्यामुळे मॅक पत्ते नवे. एथ० आणि एथ१ ही नावं जुन्या पत्त्यांसाठी राखलेली, मग नव्यांना पुढचे आकडे. तिकडे नेटवर्कची सेटिंग फाइल एथ० लाच शोधत राहिली, आणि तिच्यात 'एचडब्ल्यूअ‍ॅडर' म्हणून जुना मॅक पत्ताही लिहिलेला. संदेश खराच होता, एथ० नावाचं काही तिथं नव्हतं. इंजिनिअरनं पुढं एक ओळ वाचली असती तर नव्या कार्डाचा विषयच निघाला नसता. हार्डवेअरवाले बोर्ड बसवतात आणि स्क्रीनवर लॉगिन दिसलं की काम संपलं समजतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

एथ२ म्हणजे मागचा नेमका कुठला पोर्ट, हे आधी ठरवायचं होतं. रॅकमागे केबलींचा गुंता होता, लेबलं गळून पडलेली. 'ईथटूल -पी एथ२' दिलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागतो. टॉर्च धरून मागे उभ्या असलेल्या ऑपरेटरला तो लगेच दिसला. मग एथ२ ला हातानं जुना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता दिला, बाहेर जायच्या वाटेचा गेटवे दिला, आणि काटा सुरू झाला. बाहेर पहिली ट्रॉली काट्यावर चढली तेव्हा सगळ्यांच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता.

माझ्या दृष्टीनं नव्हता. हातानं दिलेला पत्ता फक्त मेमरीत असतो, सर्व्हर पुन्हा सुरू झाला की गेला. कारखान्यात वीज ट्रिप होते, तीही बहुधा रात्री. म्हणून मी रूल्सच्या फायलीतल्या जुन्या ओळी काढून नवे मॅक पत्ते एथ० आणि एथ१ शी जोडले, सेटिंग फायलीतली 'एचडब्ल्यूअ‍ॅडर'ची ओळ काढली आणि शेती अधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, एकदा रीबूट करून बघावं लागेल."

ते चिडले. "चालतंय ना? आता हात लावू नका. बाहेर माणसं सकाळपासून उपाशी उभी आहेत."

त्यांचं चुकलं नव्हतं. रीबूट फसला असता तर एकाच दिवसात काटा दुसऱ्यांदा बंद, आणि या वेळी माझ्यामुळे. पण न बघता निघून जाणं मला पटेना. हातानं पत्ता द्यायच्या ओळी मी कागदावर लिहून ऑपरेटरकडे दिल्या, काही बिघडलं तरी काटा दोन-चार मिनिटांत परत चालू होईल हे त्यांना दाखवलं, आणि पाळी बदलायच्या वेळी ते कसेबसे तयार झाले.

रीबूट झाला. एथ० ओके. आणि लगेच खाली लाल अक्षरात 'फेल्ड'! एथ० चा मॅक पत्ता अपेक्षेपेक्षा वेगळा आहे, म्हणून दुर्लक्ष करतोय, असा संदेश. साहेबांचा चेहरा उतरला. नेटवर्क मात्र चालू होतं, पिंग जात होता. इंजिनिअरनं रात्री खटपट करताना जुन्या सेटिंगची प्रत त्याच फोल्डरमध्ये 'आयएफसीएफजी-एथ०-ओल्ड' नावानं ठेवली होती. शेवटी '.बॅक' असतं तर सुरू होणारी स्क्रिप्ट ती वगळते. '-ओल्ड' तिला खरीखुरी सेटिंग वाटते, आणि त्या प्रतीत जुना मॅक पत्ता तसाच होता. प्रत दुसरीकडे हलवली. साहेबांना विचारून परत एकदा रीबूट केला. लाल काही आलं नाही.

नवे मॅक पत्ते आणि पोर्टांची नावं छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहेत. बोर्ड बदलणाऱ्या कंपनीला मी लेखी कळवलंय, की बोर्ड बदलल्यावर सर्व्हर नेटवर्कवर येतो का ते बघितल्याशिवाय आणि नवे मॅक पत्ते लिहून दिल्याशिवाय त्यांच्या माणसानं जागा सोडू नये. अजून उत्तर नाही. त्याच कंपनीकडे शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचाही करार आहे, आणि तिथला सर्व्हर याच आवृत्तीवर चालतो.