तक्ता आणि परिच्छेद

रविवार, इंदूर

आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला येणारी आठवी-नववीची मुले आठवडाभर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि मराठी ऐकतात ती घरात, मुख्यत्वे आजी-आजोबांच्या तोंडून. त्यांच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकते, लिंग चुकते, मधूनच हिंदी क्रियापद डोकावते. पण ते सगळे तांबड्या शाईने सुधारता येते. सध्या तुलनात्मक परिच्छेद शिकवताना जी गोष्ट आडवी येते आहे ती भाषेची नाही, तक्त्याची आहे. शाळेत विज्ञानाला आणि समाजशास्त्राला फरक लिहायचा प्रश्न आला की कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक गोष्ट, उजवीकडे दुसरी, आणि जितके गुण तितके मुद्दे, हे त्यांच्या हाडीमासी खिळले आहे. परिच्छेद लिहा म्हटले की मुले ती रेघ फक्त पुसतात आणि दोन रकाने एकाखाली एक मांडून मोकळी होतात.

तक्त्याला दोष देण्याचे कारण नाही. परीक्षकाला तो तपासायला सोपा पडतो आणि माहिती गोळा करायलाही तो उत्तम. पण तक्त्यातले सगळे मुद्दे सारख्याच तोलाचे असतात, आणि या दोन गोष्टी शेजारी का ठेवल्या हे तक्त्याला कोणी विचारत नाही. परिच्छेदाला ते पहिल्याच वाक्यात सांगावे लागते आणि त्या उत्तराला जे लागू नाही ते गाळावे लागते. मुलांना गाळणे जिवावर येते, कारण शाळेत गाळलेल्या मुद्द्याचा गुण जातो.

आज विषय दिला होता नर्मदा आणि इंदूरमधून वाहणारी खान नदी (जिला आता कान्ह असेही म्हणतात). एका मुलाने लिहिले होते : ‘नर्मदा मोठी आहे, तर खान लहान आहे. नर्मदा स्वच्छ आहे, तर खान घाण आहे. नर्मदा अमरकंटकला उगम पावते, याउलट खान इंदूरजवळ उगम पावते. दोन्ही नद्या आहेत आणि दोन्हींत पाणी आहे.’ शेवटचे वाक्य कुठून आले हे मला ठाऊक आहे. शाळेत एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे काढून घेतात. मधल्या जागेत साम्य लिहायचे असते आणि ती जागा रिकामी ठेवायची सोय नसते. जगातल्या कोणत्याही दोन नद्यांना जे साम्य लागू पडते ते या दोघींबद्दल काहीच सांगत नाही, असे मी म्हटल्यावर त्याने ते निमूटपणे खोडले. मग मात्र विचारले, ‘काकू, मग साम्य काहीच नाही, असं लिहू?’

म्हणून नकाशा उघडला. दोन्ही नद्यांवर बोट फिरवून त्या शेवटी कुठे जातात ते पाहायला सांगितले. नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाऊन खंभातच्या आखाताला, म्हणजे अरबी समुद्राला मिळते. खान उत्तरेकडे जाते, उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. म्हणजे आमच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून (होळकरांच्या समाध्यांखालून) वाहणारे पाणी अखेर बंगालच्या उपसागराकडे निघालेले असते. मध्ये विंध्याची धार आहे. मानपूरचा घाट उतरून नर्मदेकाठच्या महेश्वरला ही सगळी मुले कितीदा तरी गेली आहेत, पण घाट उतरताना आपण एका समुद्राचे पाणलोट क्षेत्र सोडून दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरतो हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यात भर म्हणून सांगितले की आपल्या नळाला येणारे पाणी नर्मदेचे असून ते सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणले जाते, आणि ही व्यवस्था 1978 पासून चालू आहे. यशवंतसागर तलावाचे पाणीही शहराला मिळते, पण मोठा भार नर्मदेवरच आहे.

यानंतर फळ्यावर सगळ्यांनी मिळून जे लिहिले ते येथे उतरवून ठेवते : ‘इंदूर खान नदीच्या काठी वसले आहे, पण ते पाणी पिते नर्मदेचे. नर्मदा विंध्याच्या पलीकडून अरबी समुद्राकडे जाते, तर खान अलीकडून, क्षिप्रा आणि चंबळेच्या वाटेने, बंगालच्या उपसागराकडे. दूरची नदी आपण यंत्रे लावून डोंगर चढवून आणली. जवळची मात्र सांडपाणी सोडण्यापुरती उरली.’ लांबी, उगम, लहान-मोठेपणा, सगळे गळाले. ‘घाण’ हा शब्दही गळाला, आणि तरी खानेची स्थिती आधीच्या मसुद्यापेक्षा मनाला अधिक लागते. साम्याचे वेगळे वाक्य नाही, कारण दोघींना जोडणारा दुवा म्हणजे हे शहर, आणि ते पहिल्याच वाक्यात आले आहे.

जोडशब्दांवरही थोडा वेळ गेला. मुले ‘याउलट’ कुठेही वापरतात. अमरकंटक आणि इंदूर या भिन्न जागा आहेत, एकमेकींच्या उलट नाहीत. तिथे ‘तर’ पुरतो. ‘तर’सुद्धा वाक्यागणिक आला की वाचकाची मान टेबल टेनिस पाहणाऱ्यासारखी इकडून तिकडे फिरत राहते. मुद्द्यागणिक आलटून-पालटून लिहावे की आधी एक गोष्ट संपवून मग दुसरी घ्यावी, याबद्दल शिक्षकांत दोन मते आहेत आणि नवख्यांना बहुधा पहिली पद्धत सुचवली जाते. माझा कल परिच्छेद छोटा असेल तर दुसऱ्या पद्धतीकडे आहे. पाच-सहा वाक्यांत वाचक पहिली गोष्ट विसरत नाही, आणि दुसरी लिहिताना पहिलीतले मुद्दे त्याच क्रमाने घ्यावे लागल्यामुळे मुलांना शिस्त लागते. दोन पाने लिहायची असतील तर गोष्ट वेगळी.

ती शिस्त किती अवघड आहे हे मागच्या वह्यांत दिसले होते. राजवाडा आणि लालबाग या इंदूरच्या दोन होळकरी महालांवर एकीने लिहिले होते, ‘राजवाडा सात मजली आहे. लालबागचे फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखे आहे.’ दोन्ही वाक्ये खरी, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मजल्यांची तुलना मजल्यांशी व्हावी, दरवाजाची दरवाजाशी. त्यामुळे पुढच्या रविवारसाठी तोच विषय पुन्हा दिला आहे आणि अट एवढीच घातली आहे की राजवाड्याबद्दलच्या ज्या वाक्याला लालबागमध्ये जोडीदार सापडणार नाही ते कितीही आवडले तरी काढायचे. ‘खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी’ हे वाक्य त्या मुलीला फार आवडलेले आहे. ते ठेवायचे असेल तर लालबाग कशाने बांधले, हे तिला आधी शोधून आणावे लागेल, आणि घरी जाताना ती आजोबांना तिथे घेऊन जाण्याच्या गोष्टी करत होती.